बोर्डावरची शेवटची पट्टी

आमचे चेअरमन दरसाल भाषणात म्हणतात, कारखाना ही आपली आई आहे. ते वाक्य कानावर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आई म्हणे! आई असती तर एका मंत्र्याची वाट बघत तिनं लेकीला ताटकळत ठेवली नसती. पण हे मी भाषण चालू असताना बोलत नाही. मागं उभा राहून तंबाखू मळतो आणि टाळ्या वाजल्या की वाजवतो. नोकरी आहे बाबा, काय करणार.

मी नाथाजी. कृष्णाकाठच्या या साखर कारखान्यात वेल्डर. मला इथं चिकटवलं ते माझ्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. जोतीराम त्यांचं नाव, बॉयलरचे फोरमन. आणि बहीण चंद्राबाई, माझी आक्का. आमचं गाव तिकडं औंधाच्या बाजूला. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच मला वाढवलं. मार पण तिच्याच हातचा लय खाल्ला.

साखर कारखान्याचं काम बाहेरच्या माणसाला नीट कळत नाही. त्याला वाटतं, ऊस आला की कारखाना चालू, संपला की बंद, मग आम्ही चार महिने तंगड्या पसरून बसतो. अहो, बंद असतो तेव्हाच आमचं खरं मरण. सगळी यंत्रं खोलायची, घासायची, झिजलेलं बदलायचं, परत जोडायचं. आणि हे सगळं दसऱ्याच्या आत. दसऱ्याला बॉयलरची पूजा होते, भट्टीत विस्तू पडतो. मग दिवाळी झाली की गव्हाणीत उसाची पहिली मोळी. ही तारीख हलली तर शिवारात उभा ऊस वाळायला लागतो आणि अख्खा तालुका आमच्या नावानं बोटं मोडतो.

दाजींचा संसार असा त्या दसऱ्याला बांधलेला. त्यांची लेक रेश्मा जन्मली तेव्हा दाजी बॉयलरच्या पोटात शिरून नळ्या ठोकत होते. आक्काची सासू, म्हणजे त्यांची स्वतःची आई वारली तर मातीला आले आणि राख सावडायच्या आधी परत गेले. आक्का भांडायची नाही असं नाही, चांगली कडाकडा भांडायची. पण दसऱ्याला मात्र नवं लुगडं नेसून, ताट घेऊन पूजेला हजर. बायकांच्या गर्दीत मागं उभी राहायची. पुढं बसलेलं जोडपं वेगळंच असायचं.

त्या जोडप्याची आमच्याकडं एक रीत आहे. कारखाना काढला त्या थोरल्या चेअरमननी घालून दिलेली. बॉयलरचा जो माणूस त्या हंगामात रिटायर होणार, त्यानं आणि त्याच्या बायकोनं पूजेला बसायचं आणि पहिला विस्तू दोघांनी मिळून घालायचा. पुढाऱ्यांनी नारळ फोडावा, भाषण ठोकावं, पण विस्तू घालायचा मान कामगाराच्या जोडीचा. शहाण्णव साली तो मान दाजींचा होता. आक्का वर्षभर आधीपासून सगळ्या कॉलनीला सांगत सुटली होती. म्हणायची, "त्या भट्टीनं माजा सारा संसार खाल्ला. आता एकदा माज्या हातानं तिच्या तोंडात विस्तू घालतेच."

त्याच साली अवधूतसाहेब आले. सांगलीचे, विश्रामबागेत घर, पुण्याला शिकलेले. त्यांचं पद नियोजन अधिकारी. आम्ही म्हटलं, घ्या! काम करणारी माणसं कमी, आता काम मोजणारं एक आलं. आल्या आल्या त्यांनी वर्कशॉपच्या भिंतीला प्लायवूडचा भलामोठा बोर्ड ठोकून घेतला. वर आठवडे लिहिले. खाली एकेका कामाची एकेक कागदी पट्टी, जेवढे दिवस काम तेवढी लांब. मिलच्या पट्ट्या निळ्या, बॉयलरच्या तांबड्या. आणि काही पट्ट्यांवरून टाचण्या ठोकून एक लाल दोरा नेलेला, पार दसऱ्यापर्यंत. त्या दोऱ्यावरचं एक काम जरी लांबलं तर दसरा हुकला म्हणून समजा, असं साहेब म्हणाले. बाकीची कामं चार दिवस इकडं तिकडं झाली तरी चालतात. मी म्हटलं, साहेब, एवढा दोरा आहे तर पतंग तरी उडवू. सगळे हसले. साहेबही हसले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांची दुसरी एक तऱ्हा होती. काम कुठवर आलं असं विचारलं आणि कोणी "चालू आहे" म्हटलं की ते मान हलवायचे. "चालू आहे" हे उत्तरच नाही म्हणायचे. निम्मं झालं, होत आलं, झाल्यातच जमा आहे, हेही चालायचं नाही. झालं किंवा नाही झालं, दोनच उत्तरं. आणि पट्टीवर लिहिताना कोण करणार, काय करणार, कधी करणार, हे तिन्ही लिहायचं. यातलं एक जरी चुकलं तरी "नाही झालं". आयुष्यभर "चालू हाय" म्हणत आलेल्या आमच्या लोकांची बोलतीच बंद झाली.

दाजींना मात्र हे आवडलं. मला लय आश्चर्य वाटलं. दाजी रोज सकाळी बोर्डापुढं उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवून लाल दोऱ्यावरून बोट फिरवायचे. मला म्हणाले, इतकी वर्षं हे सगळं मी डोक्यात घेऊन झोपत होतो रं, आता भिंतीवर टांगलंय, जरा डोळा लागतो. घरी येऊन त्यांनी ते आक्काला समजावलं, आणि झालं, बाईच्या हातात कोलीतच मिळालं. डाळ आणली का? "आणतो" म्हटलं की आक्का म्हणणार, झालं का न्हाई तेवढं सांगा. मला पण तेच. बायकोशी भांडण मिटलं का रं? मिटत आलंय. "मिटत आलंय न्हाई. मिटलं का न्हाई?"

जून सरला आणि आक्काचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा खाल्ला, मग गावातल्या डॉक्टरचं औषध. काही उतार पडेना, तेव्हा आम्ही मिरजेला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दाजींना आणि मला आत बोलावलं. कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. आता कापून उपयोग नाही म्हणाले. दाजींनी सरळ विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, दसरा-दिवाळीपर्यंत वगैरे धरून चला. येताना एसटीत दाजी खिडकीबाहेर बघत होते. मी रडत होतो आणि आक्का मला विचारत होती, काय रं, डॉक्टर काय म्हणाला. तिला आम्ही सांगितलं नाही. पण ती काय खुळी होती?

दोनच दिवसांनी तिनं अवधूतसाहेबांना जेवायला बोलावलं. तिखटजाळ मटण केलं, साहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी. जेवण झाल्यावर तिनं दाजींसमोर त्यांना विचारलं, की तुमच्या बोर्डावर माझी पट्टी कुठाय. साहेबांना कळेना. मग ती म्हणाली, "सायेब, माज्या हातात दसऱ्यापातूर येळ हाय. मला पूजंला बसायचं हाय. तेवढं बसवा तुमच्या दोऱ्यात."

दाजी ताटावरून उठून बाहेर गेले. 

दुसऱ्या दिवशी बोर्डावर, लाल दोऱ्याच्या पार टोकाला, एक पिवळी पट्टी लागली. साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं: दसऱ्याला जोतीराम आणि चंद्राबाई बॉयलरमध्ये विस्तू घालणार. कोण, काय, कधी, तिन्ही. त्या दिवसापासून कोणी पतंगाचा विनोद केला नाही.

तो पावसाळा आम्ही जसं काम केलं तसं परत कधी केलं नाही, होणारही नाही. साहेब सांगलीला घरी जायचे सोडून गेस्ट हाऊसवर राहिले. शेवटाकडून मागं मोजायचं, हा त्यांचा मंत्र. दसऱ्याला विस्तू, तर त्याआधी भट्टीच्या विटा बांधून हव्यात, त्याआधी बॉयलर इन्स्पेक्टरनं पाण्याचा दाब देऊन केलेली तपासणी हवी, त्याआधी सगळ्या नळ्या बदललेल्या हव्यात. नळ्यांचा ट्रक यायचा होता तो दरवर्षी उशिरा यायचा, म्हणून साहेब स्वतः जाऊन ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले. मिलवरच्या दोन वेल्डरांना चार दिवस सवड होती ती बोर्डावरून हेरून त्यांनी ते माझ्या जोडीला बॉयलरवर आणले. मी खोटं बोलणार नाही, तो दोरा कामाचा होता. घटस्थापनेला आम्ही सगळ्या पट्ट्यांवर "झालं" लिहून मोकळे. एक पिवळी तेवढी राहिली.

आक्का तोवर वाळून काटकी झाली होती. रेश्मा पाटणहून आईकडं येऊन राहिली होती. आक्का खाटेवरून विचारायची, नळ्या झाल्या? झाल्या. इन्स्पेक्टर आला? आला. मग तिचा चेहरा उजळायचा. पूजेचं लुगडं तिनं उशाशी ठेवलं होतं, हिरवं, जरीच्या काठाचं. त्यात आता तिच्यासारख्या दोन मावल्या असत्या.

अन् दसऱ्याच्या तोंडावर निरोप आला की नारळ फोडायला बोलावलेल्या मंत्रीसाहेबांना दसऱ्याला जमत नाही. पूजा दिवाळीच्या पाडव्याला होईल.

मी हातातलं वेल्डिंगचं होल्डर फेकून दिलं. माझ्या तोंडात जे आलं ते इथं सांगण्यासारखं नाही. अवधूतसाहेब तडक चेअरमनकडं गेले, मी दाराबाहेर उभा होतो. साहेबांनी सगळं सांगितलं, बाईचं दुखणं, डॉक्टर काय म्हणाले ते. चेअरमन वाईट माणूस नव्हता हो. त्याला खरंच वाईट वाटलं. पण पत्रिका बदलून छापायला गेल्या होत्या, मांडववाल्याला सांगून झालं होतं. म्हणाला, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, देव करो आणि बाई तोवर ठणठणीत होवो. साहेब बाहेर आले ते कान लाल झालेले. माझ्याकडं न बघता वर्कशॉपमध्ये गेले आणि बोर्डापुढं उभे राहिले. अख्ख्या बोर्डावर मंत्र्याची पट्टीच नव्हती.

संध्याकाळी ते आक्काच्या घरी आले. त्यांनी एक तोड काढली होती. भट्टीला नव्या विटा बांधल्या की मोठ्या आगीआधी आठवडाभर लाकडांचा बारीक जाळ देऊन त्या वाळवाव्या लागतात. नाहीतर तडकतात. हा जाळ कुणीही लावतो, त्याला पूजा नाही की पत्रिका नाही. साहेब म्हणाले, दसऱ्याला मी जीप आणतो, आक्कांना बॉयलरपाशी नेऊ, हळदकुंकू वाहून त्यांच्या हातानं तो जाळ लावू. खरा पहिला विस्तू तोच. पाडव्याला पुढारी काय करायचं ते करू देत.

मला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं. मी दाजींकडं बघितलं. दाजी नाही म्हणाले.

आता दाजींचा स्वभाव सांगायला हवा. हा माणूस उभ्या आयुष्यात कारखान्याचा एक खिळा घरी घेऊन आला नाही. पूजेआधी भट्टीत विस्तू घालायचा नाही, हे त्यांनी स्वतः किती पोरांना दटावून सांगितलेलं. वाळवायचा जाळसुद्धा ते दरसाल दसऱ्याच्या पूजेनंतरच द्यायला लावायचे. आणि बायकोला एवढा मान मिळणार तो असा चोरून, आडबाजूनं, कामगार सुट्टीवर असताना? त्यांना ते पटेना. म्हणाले, "माज्या बायकूला चार लोकांत बसवायची हाय. चोरून न्हाई. तीन आठवडं ती थांबंल."

मी तणतणलो. दाजी, आवं, कोणाला थांबवताय तुम्ही, असं म्हणालो. साहेबांनी पण परत समजावलं. तेव्हा आक्का खाटेवर कशीबशी उठून बसली. मला वाटलं, आता ही नवऱ्याला झाडणार. पण ती त्यांच्याच बाजूची निघाली.

"चोरून कशाला?" ती म्हणाली. "मी काय पळून आलेली बाई हाय व्हय? थांबते की मी. एवढी वर्सं थांबले."

दाजींनी तिच्याकडं बघितलं, आणि दोघं हसली. दोघांनी एकमेकांचा मान राखला, आणि मीही मूर्खासारखं ते मान्य केलं. साहेब जीपची किल्ली हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी पिवळ्या पट्टीवरचं दसऱ्याचं नाव बदललं नाही. मी विचारलं तर म्हणाले, असू दे.

दसऱ्याला आम्ही आक्काला घरीच सोनं दिलं. आपट्याचं पान तिच्या हातात धरवेना. कोजागरीच्या दिवशी सकाळी, रेश्मा तिचे केस विंचरत होती, तेव्हा आक्का गेली. दाजी शेजारीच बसले होते. हिरवं लुगडं तिला नेसवूनच नेलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडली. दाजी या वेळी पळाले नाहीत, शेवटपर्यंत थांबले. नदीवरून परत येताना कारखान्याच्या मागच्या वाटेनं आलो, तर भट्टीच्या खिडकीतून धूर दिसत होता. पाडव्याला उशीर नको म्हणून वरून हुकूम आला होता की विटा वाळवायला घ्या. एका रोजंदारीच्या गड्यानं बिडी पेटवली होती आणि त्याच काडीनं भट्टीतली लाकडंही लावली होती. दाजी तिथं थांबले. त्या गड्याला काही बोलले नाहीत, त्याचं काय चुकलं म्हणा. भट्टीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग मला म्हणाले, "नाथाजी, एवढंच व्हतं रं. एक काडी." मी त्यांच्या दंडाला धरून उठवलं आणि घरी आणलं.

पाडव्याआधी सुतक फिटलं. दाजींच्या जागी दुसरी जोडी बसवायची का, अशी कुजबुज झाली. पण भटजी म्हणाले, विधुरालाही पूजा करता येते, बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचायची. चेअरमनला बरं वाटलं, रीतही राहिली आणि मनाची टोचणीही गेली. मला वाटलं, दाजी नकार देतील. ते बसतो म्हणाले.

पाडवा म्हणजे नवऱ्याला ओवाळायचा दिवस. सगळ्या कॉलनीत सकाळी उटण्याचा वास, बायका तबक घेऊन उंबऱ्यात. दाजी गार पाण्यानं अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून एकटे निघाले, मी मागून. मंत्री तासभर उशिरा आला. नारळ फोडला, बॉयलरकडं एकदा बघितलं, हार घालून घेतले. मग दाजी पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामाच ठेवला होता, त्यावर कुणीतरी हार ठेवले. भटजींनी मंत्र म्हटले, हातात पेटता काकडा दिला, आणि आता विस्तू घाला म्हणाले.

दाजी उठले. कमरेची सुपारी काढली, हातावर घेतली, अन् काकड्याच्या आधी ती भट्टीत टाकली.

भटजी हां हां म्हणेपर्यंत झालं. दाजी म्हणाले, "आधी ती. तिचा मान हाय." मग काकडा टाकला. ढोल वाजला, भोंगा झाला, चिमणीतून काळा लोट निघाला. बायकांच्या गर्दीत मागं रेश्मा उभी होती, तोंडात पदर कोंबून. मंत्र्यानं भाषणात सांगितलं, की कारखान्यानं यंदा वेळेआधी काम संपवून जिल्ह्यापुढं आदर्श ठेवला. टाळ्या झाल्या. त्या दिवशी मी वाजवल्या नाहीत.

कार्यक्रम आटोपल्यावर अवधूतसाहेब वर्कशॉपमध्ये बोर्डापुढं उभे होते, हातात पेन्सिल. पिवळी पट्टी तशीच होती. दाजी त्यांच्यामागं जाऊन उभे राहिले, कपाळाला कुंकू, डोळे धुरानं लाल. साहेबांनी सावकाश विचारलं, जोतीराम, यापुढं काय लिहू? मी म्हटलं, लिहा की साहेब, झालं म्हणून, धूर दिसतोय की वर. कशाला आता माणसाला छळता. खरं तर मलाच ते संपवायचं होतं.

दाजींनी पट्टीवर बोट ठेवलं आणि वाचलं. दसऱ्याला. जोतीराम आणि चंद्राबाई. विस्तू घालणार. एकेका शब्दावर बोट थांबत गेलं. चंद्राबाईवर आल्यावर ते पुढं सरकेना.

"सायेब, तुमीच शिकवलंय," दाजी म्हणाले. "झालं, न्हाईतर न्हाई झालं. मदलं काय न्हाई."

साहेबांनी पेन्सिल पट्टीवर टेकवली. त्यांना लिहिता येईना. तेव्हा दाजींनी त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतःच लिहिलं: न्हाई झालं. मग पेन्सिल साहेबांच्या खिशाला परत लावली आणि बॉयलरवर गेले. पाळी त्यांचीच होती.